करंगळी, वीत आणि सहासष्ट किलोमीटर

डिसेंबरात बुऱ्हाणपूरहून सकाळी सातला निघालं, तर अकराच्या आत हनुवंतियाच्या काठावर पाय सोडून बसता येतं. वाटेत सातपुडा, मग असीरगड, मग खंडवा आणि शेवटी समुद्र वाटावा असं इंदिरासागरचं पाणी. जाण्याचं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. अर्धी टाकी पेट्रोल, डब्यात भरीत-भाकरी आणि निघताना बांधून घेतलेली गरम मावा जिलबी, एवढ्यात होणारी ही सहल. भुसावळ-मुक्ताईनगरकडच्या माणसाला तर इच्छापूरची हद्द ओलांडली की बुऱ्हाणपूर घरचंच.

अंतर लहान असलं तरी या वाटेवरचे आकडे भलतेच मोठे आहेत. दगड सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा. धरणात पाणी बारा लाख बावीस हजार कोटी लिटर. असे आकडे वाचून माणूस मान डोलावतो आणि पुढचं वाक्य वाचतो. लाख आणि कोटी यांत शंभर पटींचा फरक, पण कानाला दोन्ही ठिकाणी फक्त ‘फार’ ऐकू येतं.

म्हणून गाडीत बसण्याआधी दोन मापं खिशात टाकू.

पहिलं माप काळाचं: एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर. दुसरं पाण्याचं: एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक सेंटीमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढं पाणी उभं राहिलं, की ते बरोबर एक कोटी लिटर भरतं. हा हिशेब कुठेही लावा, चुकत नाही. या दोन मापांवर आजची सगळी सहल होईल.

वीतभर पेशवाई, हातभर मोगलाई

बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाजाशी गाडी उभी करा. इथे शून्य, म्हणजे २०२५. आता उत्तरेकडे, खंडव्याच्या दिशेनं, एकेक मिलिमीटर मागे जायचं. अजून गाडी सुरू करायची गरज नाही, हात पुरेल.

एक वीत टेकवा. तिथे १८१८ साल येतं. त्या वर्षी ३ जूनला दुसरा बाजीराव याच टापूत, असीरगडाजवळ, जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. तिथून तीन बोटं पुढे १७६०. उदगीरला निजाम हरला आणि बुऱ्हाणपूर व असीरगड मराठ्यांकडे आले. पेशवाईत ‘आलं’ आणि पेशवाईच ‘गेली’ यांत तीनच बोटांचं अंतर आहे.

शून्यापासून चौतीस सेंटीमीटरवर १६८१ चा जानेवारी. रायगडावर राज्याभिषेक होऊन पुरता महिनाही झाला नव्हता, तोच संभाजीराजांच्या फौजेनं बहादुरपुरा आणि बुऱ्हाणपूरचे इतर पुरे लुटले. एकोणचाळीस सेंटीमीटरवर १६३१. त्या वर्षीच्या १७ जूनला चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल इथेच वारली. तिला तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात पुरलं. डिसेंबरात तिचा मृतदेह काढून आग्र्याला नेला. बुऱ्हाणपूरच्या मातीत ती जेमतेम सहा महिने राहिली, आपल्या मापात अर्धा मिलिमीटर, बोटाच्या नखाची जाडी. पुढे ताजमहाल बांधायला लागलेली बावीस वर्षं म्हणजे अंगठ्याची रुंदी.

कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात टाकला की १५९० च्या जवळपास पोचतो. जामा मशीद त्या काळातली. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. आणि खुद्द शहर? नासिरखान फारुकीनं ते वसवलं १४०० च्या सुमारास, बासष्ट-त्रेसष्ट सेंटीमीटरवर. गाडीच्या चाकाची उंची साधारण तेवढीच असते. फारुकी, मोगल, मराठे, इंग्रज आणि आपण, सगळे एका चाकाच्या उंचीत मावले.

या तारखा लावताना एक गोष्ट लक्षात येते. असीरगड अकबराच्या हाती पडला जानेवारी १६०१ मध्ये. इंग्रज वकील सर टॉमस रो सुरतेहून बुऱ्हाणपूरला पोचला नोव्हेंबर १६१५ मध्ये. मुमताजची शवयात्रा डिसेंबरातली, संभाजीराजांची स्वारी जानेवारीतली, उदगीर फेब्रुवारीतलं. बहुतेक सगळं हिवाळ्यात. कारण साधं आहे. इथली काळी माती पावसाळ्यात बैल आणि तोफा गिळते, उन्हाळ्यात चारा-पाणी आटतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं आणि होळीच्या आत परतायचं, हे सैन्याचं वेळापत्रक मातीनंच ठरवलेलं. हिवाळ्यात या वाटेनं निघण्याची रीत आपण सुरू केलेली नाही.

वेग मात्र बदलला. बुऱ्हाणपूर ते आग्रा आजच्या रस्त्यानं आठशे किलोमीटरच्या आसपास. डिसेंबरात निघालेली मुमताजची पालखी जानेवारीत आग्र्याला पोचली. महिना धरला तर दिवसाला सत्तावीस किलोमीटर. बुऱ्हाणपूरहून निघालं तर तेवढ्यात असीरगड जेमतेम मागे पडतो.

एका सेकंदाला सोळा हजार वर्षं

आता गाडी सुरू करा. चाकाचा पहिला फेरा पूर्ण होतो तेव्हा गाडी दोन मीटरभर सरकलेली असते. आपण सातवाहनांच्या काळात. गाडी स्वतःच्या लांबीएवढी, चार मीटर, पुढे गेली की तापीकाठी सावळदा आणि प्रकाशा इथे माणसं मातीची भांडी रंगवताना दिसतील. म्हणजे खानदेशाचा माणसाला माहीत असलेला बहुतेक सगळा घडीव इतिहास गाडी पार्किंगमधून बाहेर येईपर्यंत संपतो.

रस्ता मोकळा मिळाला आणि काटा साठवर गेला, की गाडी दर सेकंदाला साडेसोळा मीटर पळते. वर्षं झाली साडेसोळा हजार. पापणी लवायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, तेवढ्यात हडप्पाची भरभराट मागे पडलेली असते.

तीनशे मीटरवर आपल्या जातीचा माणूसच संपतो. होमो सेपियन्सचं वय सुमारे तीन लाख वर्षं धरतात. पावणेसहाशे मीटरच्या आसपास लोणारचं विवर. बुलढाणा जिल्ह्यात उल्का आदळून पावणेदोन किलोमीटरहून रुंद खळगा पडला, त्याला संशोधक सुमारे पावणेसहा लाख वर्षं देतात. ज्या सरोवराला आपण ‘अतिप्राचीन’ म्हणतो, ते या मापात शनवाऱ्याच्या शेजारीच आहे. आपण अजून शहराच्या रिक्षांतूनही बाहेर पडलेलो नाही.

वीस-बावीस किलोमीटरवर असीरगडाचा कडा समोर येतो. इथे दोन कोटी वर्षं झाली. माणूस नाही, माणसासारखाही कुणी नाही. पन्नासाव्या किलोमीटरला भारताचा भूखंड आशियाला धडकायला लागतो. हिमालय अजून व्हायचाय. आणि सहासष्टाव्या किलोमीटरला, खंडवा दिसायच्या जरा अलीकडे, जमीन फाटून लाव्हा वाहतोय.

तोच लाव्हा आपण मघापासून खिडकीतून बघतोय. सातपुड्यातल्या या पट्ट्यात डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात, सह्याद्रीत दिसतात तसेच. एक पायरी म्हणजे लाव्हाचा एक लोट, कधी अनेक. थर जिथे टणक तिथे कडा उभा राहिला, जिथे भुसभुशीत तिथे उतार झाला. थरावर थर चढत गेले आणि आज जे उरलंय तेच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्र तीन लाख सात हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे झिजून उरलेलं हे पठारसुद्धा दीड महाराष्ट्राहून मोठं.

लाव्हा येण्याआधी इथे कोण होतं, याचा पुरावाही याच नर्मदा खोऱ्यात सापडलाय. धार जिल्ह्यात डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचं संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. या मापात ती अंडी खंडव्याच्या वेशीवर ठेवलेली आहेत. आणि बुऱ्हाणपूरचं सगळं आयुष्य, त्या अंड्यांपासून सहासष्ट किलोमीटर दूर, एका चाकाच्या उंचीत.

साठ एकरांवरचा पाऊस

असीरगडाला थांबायलाच हवं. गड समुद्रसपाटीपासून ७०१ मीटर उंच, पायथ्यापासून २५९. कुतुबमिनार साडेबहात्तर मीटरचा, म्हणजे साडेतीन कुतुबमिनार एकावर एक. बुऱ्हाणपूरपेक्षा माथा साडेचारशे मीटरनं वर आहे. दर किलोमीटर चढाला साडेसहा अंश उतरतात, या सर्वसाधारण नियमानं वर हवा तीन अंशांनी गार. डिसेंबरच्या सकाळी खाली स्वेटर पुरतो, वर कानटोपी काढावी लागते.

गावकरी सांगतात की अश्वत्थामा अजून इथल्या महादेवाला पहाटे फूल वाहून जातो. सातपुड्याच्या पश्चिम टोकाला नंदुरबारकडे अस्तंब्याचा डोंगरही त्याच्याच नावाचा. चिरंजीव माणसाला एवढा फिरता मुक्काम लागणारच.

आता करंगळी काढा. गडाचा माथा सुमारे साठ एकर, चौरस किलोमीटरचा चौथा हिस्सा. त्यावर करंगळीएवढा पाऊस पडला तर चोवीस लाख लिटर. पावसाळाभरात ऐंशी सेंटीमीटर पडला असं धरा, तर एकोणीस कोटी लिटर पाणी माथ्यावर येऊन पडतं. त्यातलं नव्वद टक्के वाहून गेलं, मुरलं, उडालं आणि दहा टक्केच टाक्या-तळ्यांत राहिलं, तरी ते जवळजवळ दोन कोटी लिटर होतं. दहा हजार माणसांना रोज पाच लिटर पिण्यापुरतं दिलं, तर वर्षाला लागतात एक कोटी ब्याऐंशी लाख. हिशेब जमतो! याला ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणत ते नुसत्या भिंतींमुळे नव्हे. अकबराच्या फौजा १६०० मध्ये येऊन बसल्या, त्यांच्या हाती गड लागायला पुढचं वर्ष उजाडलं. तहानेनं हरणारा हा किल्ला नव्हता.

चंद्रापर्यंत टँकर

असीरगड मागे पडला की कुठेतरी आपण एक कड ओलांडतो. तिथे पाटी नाही, पण देशातल्या दोन मोठ्या नद्या तिथे वेगळ्या होतात. अलीकडे पडलेला थेंब तापीला मिळून सुरतेला जातो, पलीकडचा नर्मदेला मिळून भरुचला. तापी ७२४ किलोमीटर लांब, नर्मदा १,३१२. कडेवर वीतभर अंतरानं पडलेले दोन थेंब समुद्राला भेटतात तेव्हा त्यांच्यात साठ-सत्तर किलोमीटरचं अंतर असतं, जवळजवळ बुऱ्हाणपूर-खंडव्याएवढंच.

पलीकडच्या थेंबाला मात्र हल्ली वाटेत थांबा आहे. आबना आणि सुक्ता मिळून छोटा तवा होतो आणि छोटा तवा येऊन पडतो इंदिरासागरात. खंडव्याहून पन्नासेक किलोमीटर गेलं की हनुवंतियाला ते पाणी समोर येतं आणि पहिल्यांदा बघणारा पलीकडचा काठ शोधत राहतो.

धरण पुनासाला. भिंत ६५३ मीटर लांब आणि ९२ मीटर उंच. पायाभरणी २३ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते झाली, त्यांच्या हत्येच्या आठ दिवस आधी. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटंही लागत नाहीत. तिच्यामागे पसरलेलं पाणी ९१३ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई महापालिकेची हद्द दोनदा अंथरली तरी जागा उरते.

करंगळीचं माप इथे लावा. जलाशय काठोकाठ भरलेला असताना पातळी एक सेंटीमीटर उतरली, तर कमी झालं ९१३ कोटी लिटर पाणी. काठावर बसलेल्याला ते दिसतसुद्धा नाही.

आणि सगळं मिळून पाणी किती? १२.२२ अब्ज घनमीटर. साठवणीत देशात पहिला क्रमांक. मराठी माणसाला पाणी टीएमसीत कळतं, तर ते झाले ४३१ टीएमसी. उजनी ११७, कोयना १०५, जायकवाडी १०२. ही तिन्ही धरणं काठोकाठ भरून यात ओता, मग कोयना आणखी एकदा भरून ओता, तेव्हा इंदिरासागर भरतं.

मराठवाड्याच्या वाचकासाठी टँकरचा हिशेब. दहा हजार लिटरचे १२२ कोटी टँकर लागतील. एक टँकर आठ मीटरचा धरून एकामागे एक उभे केले, तर रांग सत्त्याण्णव लाख किलोमीटरवर जाते. चंद्रापर्यंत जाऊन परत यायच्या बारा खेपा होतात आणि काही टँकर तरीही उरतात. देशातल्या एकशे चाळीस कोटी माणसांत वाटलं, तर प्रत्येकाच्या दारात पाचशे लिटरच्या सतरा टाक्या.

एवढं पाणी सरासरी किती खोल असेल? साडेतेरा मीटर, चार मजली इमारतीएवढं. त्या चार मजल्यांखाली हरसूद आहे. हे गाव आणि त्याच्यासोबत २४९ खेडी या धरणानं बाधित झाली. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर हरसूद रिकामं झालं, लोकांनी स्वतःच्या हातांनी घरांच्या विटा, दारं, चौकटी काढून नेल्या. छनेऱ्याला नवं हरसूद वसलं. आपल्या मापात याला झाले एकवीस मिलिमीटर, अंगठ्याची रुंदी. वरती पर्यटकांच्या बोटी फिरतात, आणि ज्यांची शाळा खाली आहे ती माणसं अजून चाळिशीतली आहेत.

आणि या सगळ्या पाण्यापुढे मघाचा दगड ठेवून बघा. दख्खनचा लाव्हा किमान पाच लाख घनकिलोमीटर होता असा अंदाज आहे. इंदिरासागर त्या लाव्हानं भरायचा म्हटलं तर चाळीस हजार वेळा भरावा लागेल. देशातला सर्वांत मोठा जलाशय सातपुड्याच्या हिशेबात एक ओंजळ आहे.

परतताना केळी

परतीच्या वाटेवर ऊन कलतं आणि असीरगडाचा घाट उतरला की दोन्ही बाजूंनी केळी सुरू होते. जळगाव-रावेरपासून बुऱ्हाणपूरपर्यंत हा एकच पट्टा, राज्याची सीमा केळीला माहीत नाही. थंडीत घडाची वाढ मंदावते, पारा फार उतरला तर सालीला चट्टे पडतात. रात्री ठिबक चालू ठेवायची, बांधावर धूर करायचा, असे शेतकऱ्याचे उपाय चालूच असतात.

आजच्या सहलीतला सगळ्यात लहान आकडा या बागेत आहे आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात १,७४२ झाडं. वाढलेल्या झाडाला दिवसाला पंधरा लिटर पाणी धरू. एकराला झाले सव्वीस हजार लिटर. एका चौरस किलोमीटरात २४७ एकर बसतात, म्हणजे रोज चौसष्ट लाख लिटर. करंगळीच्या मापात साडेसहा मिलिमीटर, अर्ध्या करंगळीहून जास्त. दिसायला काहीच नाही. पण असे वर्षातले दोनशे दिवस धरले तर एकशे तीस सेंटीमीटर होतात. पाऊस आपण धरला होता ऐंशी सेंटीमीटर, तोही सगळा मुळाशी थांबत नाही. म्हणजे केळी तिच्या अंगावर पडणाऱ्या पावसात भागवत नाही. उरलेलं पाणी ती जमिनीखालून ओढते.

आणि जमिनीखाली ते येतं कुठून? सकाळपासून ज्याच्या अंगावरून गाडी चालली त्या डोंगरातून. सातपुड्यावरून येणारे ओढे पायथ्याला दगडगोटे, वाळू, गाळ टाकत आले. डोंगर आणि तापी यांच्यामधल्या या भुसभुशीत पट्ट्याला जाणकार बझाडा म्हणतात. त्यात पाणी झरझर मुरतं आणि हळूहळू नदीकडे सरकतं.

बुऱ्हाणपूरला हे चारशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. १६१५ मध्ये, टॉमस रो इथे आला त्याच साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं कुंडी भंडाऱ्याची आखणी केली. डोंगराकडून नदीकडे सरकणारं भूजल वाटेतच अडवायचं, बोगद्यात घ्यायचं आणि पंप नाही, मोट नाही, नुसत्या उतारानं शहरात आणायचं. बोगद्यावर ठरावीक अंतरानं उभे हौद, त्या कुंड्या. आजही एका कुंडीतून पाळण्यासारख्या लिफ्टनं पंचवीसेक मीटर खाली उतरता येतं आणि गुडघाभर गार पाण्यातून चालता येतं. असे आठ भंडारे होते, सहा उरले. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत हे ठिकाण आलं. गंमत म्हणजे खानखाना ज्याच्याशी लढत होता, त्या मलिक अंबरनंही त्याच सुमारास खडकीला, पुढच्या औरंगाबादला, असाच नहर खोदवला. रणांगणात वैरी, पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेतले.

आता पुढचं. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं भोपाळमध्ये तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार केला. याच बझाडा पट्ट्यात ३१.१३ टीएमसी पाण्याचा वापर करायचा बेत आहे, महाराष्ट्राच्या वाट्याला १९.३६ आणि मध्य प्रदेशाच्या ११.७६. हे सगळं पाणी एकट्या बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या ३,४२७ चौरस किलोमीटरांवर पसरलं असं समजलं, तर उभं राहील सुमारे पंचवीस सेंटीमीटर, वीतभराहून थोडं जास्त.

केळी एकशे तीस पिते, पाऊस ऐंशी पडतो, आणि एवढी मोठी योजना पुरी झाली तरी सगळ्या जिल्ह्यावर धरून येणार वीतभर. हे तीन आकडे शेजारी ठेवले की इंदिरासागरचे टँकर आणि चंद्र विसरायला होतं. डोंगर, धरण, लाव्हा यांचे आकडे बघून थक्क व्हावं, जरूर व्हावं, पण आपलं पोट ज्या हिशेबावर चालतं तो रोजच्या साडेसहा मिलिमीटरांचा आहे.

तेव्हा या हिवाळ्यात निघालात तर हनुवंतियाला जाताना घाई करा, येताना नको. अंधार पडायच्या आत बुऱ्हाणपूर गाठा आणि कुंडीत उतरून त्या पाण्याला हात लावून या. कुंडी भंडारा आखला १६१५ मध्ये, पुनर्भरणाचा करार झाला २०२५ मध्ये. आपल्या मापात मधलं अंतर एक्केचाळीस सेंटीमीटर. हातभरही नाही.